अनुमोदना

लेकीच्या हट्टाखातर 2010 च्या जूनमध्ये स्कॉटलंडच्या रम बेटावर दोन रात्री राहिले. वारा असा, की पदर सावरू की तोल, कळेना. तिथला किनलॉक कॅसल तेव्हा प्रवाशांना उतरायला मिळायचा; आम्हाला जागा मिळाली मागच्या, नोकरांच्या बाजूला. सूर्य मावळायचा रात्री दहानंतर, त्यामुळे दिवसाउजेडी जेवायचा नेम मुळीच जड गेला नाही! मेतकूट-भात आणि शेंगांची चटणी होतीच.

दुसऱ्या दिवशी मुख्य दालन पाहिलं. लँकेशायरच्या यंत्र-कारखानदाराच्या मुलानं, सर जॉर्जनं, 1900 च्या सुमारास हा तांबड्या दगडाचा वाडा बांधला. यायचे वर्षातून काही आठवडेच, हरणांच्या शिकारीला. भिंतींवर शिंगांची मुंडकी, जमिनीवर कातडी. तरी तोंडातून निघून गेलं, "बाई, काय वैभव!"

लेक हळूच म्हणाली, "आई, ही अनुमोदना झाली का गं?"

मी गप्पच. आपल्याकडे कृत, कारित, अनुमोदना असं सांगतात: स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, केलेल्याला बरं म्हटलं. तिन्हींचा दोष लागतो. मनाशी म्हटलं, मी तर लाकडाचं, कारागिरीचं कौतुक केलं, हत्येचं नाही. पण शिकार नसती तर हे दालनच नसतं. मग दोन्ही वेगळं कसं काढायचं?

बाहेरच्या शांततेचंही तेच. तीही मला आवडली होती. पण 1826 मध्ये मेंढ्यांसाठी इथली तीनशेच्या आसपास माणसं जहाजात घालून कॅनडाला पाठवली होती. ती शांतता निसर्गानं दिलेली नव्हती.

म्हणून बघूच नये का? मैत्रिणींनो, मला तसं वाटत नाही. डोळे मिटल्यानं हरणं परत येत नाहीत, माणसंही नाहीत. दोष पाहण्यात नाही, अर्धंच पाहून वाहवा करण्यात आहे. सुंदर म्हणावं, पण त्याची किंमत कोणी मोजली तेही त्याच दमात म्हणावं.

हे परक्या वाड्याबद्दल बोलणं सोपं. बेळगावला परतल्यावर एका लग्नात जाऊबाईंनी नवी रेशमी साडी दाखवली आणि विचारलं, "कशी आहे?" किडे उकळून रेशीम निघतं हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. माझ्याही कपाटात तशा तीन आहेत.

"छान आहे," म्हणाले, आणि पुढचं वाक्य गिळलं. ते गिळलेलं वाक्य अजून घशात आहे.