दुसऱ्याच्या नावावर टाकलेला गुन्हा



घरफोडी झाली की तुटलेले कुलूप दिसते, शेजारी धावून येतात आणि ज्याचे गेले त्याच्याविषयी सर्वांना हळहळ वाटते. परंतु एक चोरी अशीही आहे की जिच्यात कुलूप तुटत नाही, आणि ज्याचे चोरले जाते तोच लोकांच्या नजरेत चोर ठरतो. ही माणसाच्या ओळखीची, त्याच्या नावाची चोरी होय.

मालेगाव धुळ्यापासून फार दूर नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील काही तरुणांच्या बाबतीत उघडकीस आलेले प्रकरण आपणांस आठवत असेल. तक्रारीनुसार नोकरीचे आमिष दाखवून त्यांची आधार व पॅनची कागदपत्रे घेण्यात आली आणि त्यांच्या नावे नाशिक मर्चंट को-ऑपरेटिव्ह बँकेच्या मालेगाव शाखेत खाती उघडण्यात आली. या खात्यांतून शंभर कोटींहून अधिक रुपये फिरले. सक्तवसुली संचालनालयाने छापे घातले. विधानसभा निवडणुकीचे दिवस असल्याने आरोप-प्रत्यारोपांचा धुरळा उडाला, आणि त्या तरुणांचे दुःख त्यात मागे पडले. ज्याला रोजगाराची भ्रांत, त्याच्या नावावर कोट्यवधींचे व्यवहार निघावेत आणि त्याने ‘हे माझे नाही’ असे दारोदार सांगत फिरावे, ही केवढी विटंबना!

एका जुम्याच्या नमाजनंतर एक यंत्रमाग कामगार माझ्यापाशी येऊन बसले. त्यांच्या हातात कर्जवसुलीची नोटीस होती. ते कर्ज त्यांनी कधी घेतलेच नव्हते. कधीतरी, कोठेतरी दिलेल्या झेरॉक्स प्रतीवर दुसऱ्याच कोणी ते उचलले होते. वसुलीवाले गल्लीत येऊन गेल्यापासून दुकानदाराने उधारी बंद केली होती आणि मुलीच्या सोयरिकीची बोलणी थांबली होती. नेहमी पहिल्या सफमध्ये उभा राहणारा हा माणूस आता शेवटच्या सफमध्ये उभा राहू लागला होता. ते म्हणाले, “मौलाना, रक्कम एकवेळ फेडता येईल. पण लोक म्हणतात, आगीवाचून धूर निघत नाही. त्यांना काय सांगू?”

या प्रश्नाचे उत्तर कुरआनात आहे. सूरह अन्-निसाच्या १०५ ते ११३ या आयतींच्या अवतरणाची पार्श्वभूमी तफसीरकारांनी दिली आहे. मदीनेत एकाने शेजाऱ्याचे चिलखत चोरले आणि शोध सुरू होताच आळ एका यहुदी माणसावर ढकलला. चोराचे कुटुंबीय त्याच्या बाजूने उभे राहिले. बाह्य पुरावा निरपराध माणसाच्या विरोधात दिसत होता. अशा वेळी अल्लाहने वह्य पाठवून त्या यहुदी माणसाचे निर्दोषत्व प्रकट केले. तो मुसलमान नव्हता, त्याच्यामागे टोळीचे बळ नव्हते. तरीही त्याचे नाव निष्कलंक करण्यासाठी आयती अवतरल्या! निरपराध माणसाच्या नावाचे मोल अल्लाहच्या दरबारी किती आहे, हे यावरून ध्यानात यावे.

याच आयतींत सांगितले आहे की, जो स्वतःचे पाप निरपराधावर टाकतो, तो पापासोबत बोहतानचे, म्हणजे खोट्या आळाचे, ओझेही उचलतो. ओळख चोरणाऱ्याचा गुन्हा असा दुहेरी आहे. त्याने पैसा घेतला आणि आबरूही घेतली. हा हुकूकुल-इबादचा, म्हणजे माणसांच्या हक्कांचा विषय आहे. केवळ पश्चात्तापाचे अश्रू येथे पुरत नाहीत. रक्कम परत केली पाहिजे आणि त्या माणसाचे नाव लोकांसमोर स्वच्छही केले पाहिजे. अन्यथा प्रेषितांनी (स.) वर्णिलेल्या त्या कंगालासारखी गत होईल, जो कियामतच्या दिवशी नमाज-रोजे घेऊन येईल आणि ज्यांच्यावर जुलूम केला त्यांना सारे पुण्य देऊन बसेल.

चार पैशांसाठी आपले बँक खाते किंवा सिमकार्ड दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्या तरुणांनीही विचार करावा. त्या खात्यातून कोणा विधवेची पुंजी लुटली गेली, तर ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर पुरेसे ठरेल काय?

आणि आपण? चोराने नाव चोरले. परंतु शहानिशा न करता उधारी तोडणारे आणि सोयरीक मोडणारे आपणच असतो. सूरह अल्-हुजुरातने बातमीची खातरजमा करण्याचा आदेश दिला आहे आणि बदगुमानीपासून रोखले आहे. पीडिताला संशयाने पाहणे म्हणजे चोराचे उरलेले काम आपण पूर्ण करणे होय.

म्हणून जळगाव असो वा धुळे, आपल्या मोहल्ल्यात असा कोणी पीडित असेल तर त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात जा. आर्थिक फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर कळवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, हे त्याला सांगा. आपल्या नावे कोणती कर्जे आहेत याचा अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो, तो मागवा. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर तारीख व कारण लिहून सही करा. ही सावधगिरी तवक्कुलच्या विरुद्ध नाही. उंट बांधून मगच अल्लाहवर भिस्त ठेवण्याची शिकवण आपल्याला दिलेली आहे.

ते यंत्रमाग कामगार पुढच्या जुम्याला आले, तेव्हा मी त्यांचा हात धरून त्यांना पहिल्या सफमध्ये उभे केले. आपल्या मशिदीत जो मागे सरकला आहे, त्याला आपणही पुढे बोलवा.

अल्लाह आपल्या हातून कोणाच्याही आबरूला धक्का लागू न देवो आणि पीडितांची बाजू घेण्याचे बळ देवो. आमीन.