पाणंदीतले आठ किलोमीटर

शिरवळला हमरस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज मागे पडला की शिवारातली पाणंद सुरू होते. उन्हाळ्यात तिथून ट्रॅक्टर खुशाल जातो. जुलैत माणूससुद्धा जागा बघून पाय टाकतो. त्याच पाणंदीतून, दोन बांधांवरून आणि एका ओढ्यातून आमच्या पळणाऱ्यांच्या गटाने गेल्या पावसाळ्यात आठ किलोमीटरची शर्यत लावली. गटात वयाने मीच मोठा, एकसष्ट. पोरं म्हणाली, "काका, तुम्ही पाणी वाटा की." मी छातीवर नंबर लावला.

काळी माती भिजली की फुगते आणि बुटाला धरते ती सोडत नाही. दहा पावलांत तळव्याखाली भाकरीएवढा थर. झटकावा, तर पुढच्या दहा पावलांत तेवढाच. तिसऱ्या किलोमीटरला डावा पाय घोट्याच्या वर रुतला. जोर लावला तेव्हा पाय वर आला, बूट आतच. कोपरापर्यंत हात घालून तो उपसेपर्यंत चौघे पुढे निघून गेले. एकाने "काका, लागलं का?" विचारलं, पण थांबला नाही. बरोबरच केलं त्याने, शर्यत होती.

डांबरी रस्त्यावरच्या दहा किलोमीटरची माझी एक वही आहे. चाळिशीत शेहेचाळीस मिनिटं, आता अठ्ठावन्न. मधली प्रत्येक पायरी माझ्याच अक्षरात. ही वही उघडायची म्हणजे रक्ताचा रिपोर्ट उघडायचा. रस्ता तोच, अंतर तेच, त्यामुळे कमी झालं ते फक्त मीच. चिखलात मात्र हा हिशेब जमत नाही. क्रॉसकंट्रीचा जागतिक विक्रम कुणी नोंदवत नाही, त्याचं कारण हेच: दोन शिवारं सारखी नसतात, आणि एकच शिवार रात्रीच्या पावसानंतर सारखं राहत नाही.

ओढे आणि कुंपणं मोजून मैदानात बसवली की त्याची स्टीपलचेस होते. तिथे 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या, म्हणून शंभरांश सेकंदाचा हिशेब लागतो. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरने 2016 च्या रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत 9 मिनिटे 19.76 सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला, तो आकड्यात सांगता येतो. उलट 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमधली क्रॉसकंट्री घ्या. भर उन्हात 38 जण सुटले, 15 पोचले, आणि पुढच्या ऑलिंपिकपासून ही शर्यतच बंद झाली. जिंकला तो पावो नुर्मी, हातात घड्याळ घेऊन पळण्याबद्दल प्रसिद्ध असलेला. तरी त्या दिवसाची त्याची वेळ कोण विचारतं? अडतीसातले पंधरा, एवढंच लोक सांगतात.

प्रौढांच्या स्पर्धांत पस्तिशीपासून दर पाच वर्षांचा गट असतो. आमच्याकडे बैलगाडा शर्यतीत दात बघून आदत, दुसा असे गट लावतात. पण तिथली सवलत कोवळ्या जनावराला. दात जुळले की पुढे सगळे सारखे, म्हाताऱ्या बैलाला वेगळा फेरा नाही. आम्ही माणसांनी तो उतारवयालाही ठेवला. मला त्याचा थोडा संकोच वाटतो. मी मागून तिसरा आणि वयोगटात पहिला आलो. गटात एकटाच होतो. टाळ्या मात्र पोरांनी मनापासून वाजवल्या, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

पण त्याहून बरं ओढ्यात वाटलं होतं. पाणी मांडीला लागत होतं, पुढच्या पोराचाही वेग चालण्यावर आला होता, आणि बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा पळताना मी मनगटाकडे बघितलं नव्हतं. बघून उपयोगही नव्हता; काच चिखलाने बुजली होती.

संध्याकाळी न्हाणीत बूट धुतले, तर मोरी तुंबली. त्यावरून घरी ऐकून घेतलं. मग वही काढली. तारीख घातली आणि वेळेच्या रकान्यापाशी थांबलो. शेवटी तिथे लिहिलं: ओढ्याला मांडीभर पाणी. बूट सापडला.