शुश्रूषा आणि स्वामित्व

तंजावरच्या सरस्वती महालात गजशास्त्राची सचित्र पोथी आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७९८–१८३२) हा ग्रंथसंग्रह मोठा केला. या शास्त्राचे मूळ पालकाप्य मुनींकडे नेतात. कथा अशी, की अंगदेशच्या रोमपाद राजाने रानातले हत्ती धरून आणिले. त्यांच्यातच राहणारे मुनी शोध घेत चंपानगरीत आले आणि त्यांच्या जखमांवर औषधी लावू लागले. राजाने ती विद्या मागून घेतली. पुढे तीच गजशाळांचा आधार झाली.

जखम बांधणारा हात साखळीही बांधू लागला, तर त्यास दया म्हणावे काय? कावेरीकाठच्या शेतातून पंख दुखावलेला बगळा उचलून आणणे सोपे. बरा झाल्यावर सोडणे कठीण, कारण तोवर आपला जीव त्याच्यात गुंतलेला असतो. १९७२ च्या कायद्याने वन्य जीव घरी बाळगण्यास मनाई केली आहे. परंतु कायद्याच्या भयाने सोडणे निराळे आणि तो आपला नव्हताच हे जाणून सोडणे निराळे. ज्याला पुन्हा उडताच येणार नाही, त्यास आश्रय द्यावाच लागेल. मात्र त्याच्या गरजेपुरता, आपल्या हौसेसाठी नव्हे. उपकाराच्या मोबदल्यात स्वामित्व मागत नाही तीच खरी शुश्रूषा, असे आम्हांस वाटते.