उंदरानें केलेलें नुकसान कोणीं भरावें?

गेल्या आखाजीच्या चार दिवस आधीं धुळे जिल्ह्यांतील एका गांवीं मला एका तंट्याचा निवाडा करण्यास बोलाविलें होतें. दोन्ही घरें आपल्याच मंडळींतलीं. एक शेतमालकाचें, दुसरें त्याच्या सालदाराचें. रविवारीं उपासनेस दोघे एकाच सतरंजीवर बसत. तंट्याचें मूळ ऐकून प्रथम मला हसूं आलें हें कबूल करितों, कारण तें मूळ म्हणजे एक उंदीर होता. दोन तासांनंतर तें हसूं राहिलें नव्हतें.

हकीकत अशी. मालकाचा ट्रॅक्टर पौषापासून गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या पडवींत उभा होता. चैत्रांत नांगरटीसाठीं तो काढावयास गेले, तों किल्ली फिरवून कांहीं होईना. तालुक्याहून मिस्त्री आला. त्यानें बॉनेट उघडलें तेव्हां आंत कोणीं संसारच थाटलेला दिसला. हवा गाळण्याच्या डब्यांत दादर ज्वारीचे दाणे व भुईमुगाच्या शेंगा ठासून भरलेल्या, त्यांवर कापूस आणि गोणपाटाच्या चिंध्या यांचें अंथरूण, आणि तारांचें आवरण इतकें कुरतडलेलें कीं तांबें उघडें पडून एक तार दुसरीस भिडलेली. डबा उपडा केला तेव्हां शेरभर धान्य निघालें. तें सालदाराच्या बायकोनें झाडून कोंबड्यांस घातलें. दुरुस्तीस साडेआठ हजार रुपये पडले.

आमच्या खानदेशांत सालदाराचें वर्ष आखाजीस संपतें व तेव्हांच हिशेब होतो, हें वाचकांस सांगणें नको. मालकानें ते साडेआठ हजार सालदाराच्या नांवें मांडले. ट्रॅक्टर त्याच्या ताब्यांत होता, एवढेंच कारण. सालदार फार बोलणारा मनुष्य नव्हे. तो म्हणाला, "नाना, उंदीर कांहीं मी पाळले नव्हते."

मालकास मी निष्ठुर म्हणणार नाहीं. ट्रॅक्टरचे हप्ते अजून फिटावयाचे आहेत, आणि कापसानें त्या वर्षीं त्यास कांहीं दिलें नव्हतें. त्यानें मला विचारिलें, "पाळकसाहेब, मग हे पैसे मीं मागावे तरी कोणाजवळ? उंदराजवळ?" बोलणें रागाचें होतें, पण प्रश्न खरा होता, आणि तो त्या पडवीपुरता नाहीं.

उंदरास अपराधी म्हणतां येईल काय? त्याचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात. कांहीं ना कांहीं कुरतडून ते झिजविले नाहींत तर त्यास खातां येणार नाहीं. सुगींत सांपडेल तें नेऊन सांठविणें हा त्याचा जातिस्वभाव. कोरडी, अंधारी, मांजराचा पंजा पोंचणार नाहीं अशी पोकळी दिसली कीं तो तीस बीळ समजतो; तीस आपण इंजिन म्हणतों हें त्यास कोणीं सांगावें? सोळाव्या शतकांत फ्रान्स देशांतील ओतून नगरीं उंदरांनीं पीक खाल्लें म्हणून त्यांवर धर्मन्यायालयांत खटला चालला, आणि शासने नांवाच्या वकिलानें त्यांची बाजू घेऊन, वाटेंत मांजरें बसलीं असतां माझ्या अशिलांनीं हजर कसें व्हावें, असें विचारिलें, अशी गोष्ट सांगतात. आपण तीस हसतों. परंतु भुईमूग काढून झाल्यावर गरीब बाया उंदरांचीं बिळें उकरून शेंगा गोळा करितात, तेव्हां त्याच सांठ्यास चोरीचा माल कोणी म्हणत नाहीं. ज्यास माझें आणि तुझें हा भेद ठाऊक नाहीं त्याच्या हातून नुकसान होतें. अपराध होत नाहीं.

मनुष्याचें मन येथेंच अडतें. नुकसान झालें म्हणजे तें करणाराही कोणी असला पाहिजे, आणि त्यास माणसाचें तोंड असलें पाहिजे, असें त्यास वाटतें. 2016 सालीं अमेरिकेंत, कॅलिफोर्निया प्रांतीं, मोटारमालकांनीं टोयोटा कंपनीवर फिर्याद केली. तिनें तारांचें आवरण सोयाबीनच्या द्रव्यापासून केलें, म्हणून उंदीर तें खातात, असें त्यांचें म्हणणें. त्या फिर्यादींत खरें किती हा माझा विषय नव्हे. मला एवढेंच दिसलें कीं त्यांचें बोट वर, एका धनवान कंपनीकडे गेलें. आमच्या गांवांत तेंच बोट खालीं जातें. ज्याला वकील परवडत नाहीं त्याच्याकडे.

त्या सायंकाळीं मीं उत्पत्तीचा एकतिसावा अध्याय वाचून दाखविला. याकोब हा लाबानाचा वीस वर्षांचा सालदारच होता. जनावरानें फाडलेलें मेंढरूं त्यानें धन्यापुढें आणिलें नाहीं. तोटा स्वतः सोसला, कारण दिवसा चोरीस गेलें काय किंवा रात्रीं गेलें काय, लाबान त्याच्याच हातून भरून घेई. पुढें निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायांत मोशेच्या नियमानें ही रीत मोडली. राखावयास दिलेलें जनावर चोरीस गेलें तर राखणारानें भरावें. श्वापदानें फाडलें तर उरलेला भाग पुराव्यास आणावा, भरूं नये. बाबेलचा राजा हम्मुराबी याच्याही नियमांत, त्याच्या फार आधीं, सिंहानें कळपांत घात केला तर गुराख्यानें देवासमोर आपली निर्दोषता सांगावी आणि तोटा धन्यानें सोसावा, असें आहे. ज्याची वस्तु, ज्यास तिचा लाभ, त्याच्याच अंगावर तिचें दैव. चोरावर जागतां येतें. पौष ते चैत्र प्रत्येक रात्रीं उंदरावर कोणास जागतां येईल?

परंतु राखणारा खरोखर निष्काळजी होता काय, हें पाहिल्यावांचून वचनाचा आधार घेणें लबाडीचें झालें असतें. म्हणून मीं विचारिलें. आठ दिवसांनीं इंजिन सुरू करीत जा, असें त्यास सांगितलें होतें काय? नाहीं. शेंगांच्या गोण्या ट्रॅक्टरला लागून कोणीं रचविल्या? मालकानें. पडवींत उंदराच्या लेंड्या दिसल्या होत्या काय? येथें सालदार बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, माघांत दिसल्या होत्या. सांगितलें कां नाहीं? तर म्हणे, त्याआधीं बैलाच्या पायाचें सांगितलें होतें तेव्हां शिव्याच मिळाल्या होत्या.

तेव्हां दोष त्याच्याकडेही होता, हें मी लपवीत नाहीं. त्यानें सांगावयास पाहिजे होतें. पण वाईट बातमी आणणारावर जो धनी ओरडतो, त्याच्या घरीं वाईट बातमी उशिरां पोंचते, आणि त्या उशिराचा खर्च एकट्या चाकराच्या मजुरींतून कापणें मला रास्त वाटत नाहीं. एक वडील म्हणाले, अर्धें अर्धें करा. अर्धें अर्धें ऐकावयास गोड लागतें; परंतु मालकाचें अर्धें म्हणजे बँकेचा एक हप्ता लांबणें आणि सालदाराचें अर्धें म्हणजे पावसाळ्याचे दाणे. शिवाय दोष अर्धा आहे असें कोणीं मोजलें? मीं सांगितलें, सालदारानें चूक कबूल करावी, मालकानें पैसे कापूं नयेत.

सालदारानें तेथल्या तेथें कबूल केली. मालक कांहीं न बोलतां उठून गेला. मात्र आखाजीस त्यानें पुरते पैसे दिले. पुढच्या सालासाठीं दुसरा मनुष्य ठरविला. जुना सालदार आतां जळगांव जिल्ह्यांत, रावेरकडे, केळीच्या बागेंत आहे, आणि त्या सतरंजीवर त्याची जागा रिकामी असते. गेल्या महिन्यांत मी त्या घरीं गेलों होतों. शेंगांच्या गोण्या अजून ट्रॅक्टरला लागूनच रचलेल्या आहेत.