मोठ्यानं वाचलेली यादी

चाकणच्या पलीकडे, कारखान्यांच्या रांगा संपतात तिथे एक गाव होतं. निम्मं शिवार एमआयडीसीत गेलं होतं, उरलेल्यात कांदा निघत होता. गावात एक निवृत्त गुरुजी होते. अर्ध्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवली होती, त्यामुळे त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे.

२०१९ साली पीएम किसान योजना सुरू झाली. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. गावानं अर्ज भरले, पैसे येऊ लागले. कोणाला येतात, कोणाला नाही, हे कोणी कोणाला विचारत नव्हतं. यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर होती. पण अक्षर बारीक, आणि वरून यात्रेचं पत्रक चिकटवलेलं.

त्याच गावात एक विधवा बाई दीड एकर कसत होती. तिला हप्ता नव्हता. विचारायला गेली की तलाठी भाऊसाहेब म्हणायचे, "यादीत नाव नाही, मावशी." आणि पुन्हा कागदांत डोकं घालायचे.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती उभी राहिली. म्हणाली, "माझं नाव नाही, तर ज्यांची आहेत ती तरी मोठ्यानं वाचा. मला वाचता येत नाही, पण ऐकू येतं."

लोक हसले. तरी यादी गुरुजींच्या हाती आली. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक नाव वाचू लागले. एका नावाला कोणी म्हणालं, "हे तर वारले." दुसऱ्याला कोणी म्हणालं, "हा कंपनीत सुपरवायझर आहे, इन्कम टॅक्स भरतो." सुपरवायझरनं मान खाली घातली.

मग गुरुजी अडखळले. पुढचं नाव त्यांचंच होतं. त्यांनी ते वाचलं. सभा गप्प राहिली.

बाईच म्हणाली, "गुरुजी, तुम्हाला पेन्शन आहे ना?"

"आहे," गुरुजी म्हणाले. "दहा हजारांच्या वर आहे. मी नियमात बसत नाही. अर्ज पोरानं भरला, पण पासबुक मी पाहत होतो." त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि आपल्या नावापुढे 'अपात्र' असं लिहिलं.

त्याच आठवड्यात गुरुजी एसटीनं राजगुरुनगरला तहसील कचेरीत गेले आणि घेतलेले हप्ते परत भरून आले. पाठोपाठ सुपरवायझरही गेला. बाईची वारसनोंद रखडली होती. चारचौघांत निघालेला विषय भाऊसाहेबांना टाळता येईना. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं, आधार बँकेला जोडलं गेलं, आणि काही महिन्यांनी तिच्या खात्यात पहिले दोन हजार जमा झाले.

असं एकाच गावात झालं नव्हतं. या योजनेचे १,३६४ कोटी रुपये देशभरातल्या वीस लाखांहून अधिक अपात्र खात्यांत गेल्याचं २०२१च्या सुरुवातीला माहितीच्या अधिकारातून बाहेर आलं. अनुदान कोणाला मिळालं हे सरकारनं आपणहून सांगावं, असं २००५चा माहिती अधिकार कायदा म्हणतो, आणि गावनिहाय यादी संकेतस्थळावर कोणालाही दिसते. पण नुसती लावलेली यादी कोणाला जाब विचारत नाही. चारचौघांत वाचली, की नको ती नावं गळतात आणि राहून गेलेली सापडतात. पुढच्या ग्रामसभेला जाल, तेव्हा यादी मोठ्यानं वाचायला सांगा.