परवाना आणि स्वधर्म

मनुष्याचा स्वधर्म सरकारी परवान्यावर अवलंबून असू शकतो काय, हा प्रश्न थेलोनियस मंक या पियानोवादकाच्या चरित्रापाशी आला की निव्वळ तात्त्विक राहत नाही. १९५१ साली अमली पदार्थांच्या एका प्रकरणानंतर न्यूयॉर्कच्या पोलिसांनी नाइटक्लबमध्ये वाजविण्यासाठी लागणारा त्याचा कॅबरे-परवाना काढून घेतला, आणि जेथील नाइटक्लब हेच जॅझवादकाच्या उपजीविकेचे क्षेत्र, त्या शहरातच मोजके अपवाद वगळता त्याला वाजविण्यास सहा वर्षे मज्जाव झाला. त्या अवधीत तो रचना बांधीत राहिला, ध्वनिमुद्रणे करीत राहिला. आणि १९५७ मध्ये परवाना परत मिळून, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला साथीला घेऊन ‘फाइव्ह स्पॉट’ या क्लबमध्ये तो बसला, तेव्हा सपाट बोटांनी शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबण्याच्या, किंवा सॅक्सोफोन रंगात येताच पियानो सोडून उठून गिरक्या घेण्याच्या त्याच्या रीतीत तडजोडीचा लवलेश नव्हता.

येथवर निष्काम कर्माचा दृष्टांत सहज सापडतो. परंतु १९७६ नंतर, कोणाचीही आडकाठी नसताना, वीहॉकन येथे एका मैत्रिणीच्या घरी, पियानो हाताशी असूनही, १९८२ साली मृत्यू येईपर्यंत त्याने तो क्वचितच वाजविला. जे कर्म हुकुमाने सुटले नाही ते असे गळून पडले, याला च्युती म्हणावे की संन्यास? त्याच्या आजाराचे कारण दिले जाते, ते मला अमान्य नाही. तथापि फळाबरोबर कर्मावरचाही हक्क सोडणाऱ्या त्या मौनाला दोष देण्याचा अधिकार मला कोणापाशीच दिसत नाही.