दुसऱ्याचं गाणं

ओळखीतल्या एका घरातला किस्सा आहे. कॉलेजात शिकणाऱ्या भाचीने मामांना एक मराठी रॅप गाणं पाठवलं. मामा नाट्यसंगीताचे भक्त, पण भाचीवर भारी जीव. वीस सेकंदांत मामांचा अंगठा आला आणि पाठोपाठ 'वा, झकास!' असंही आलं. भाचीने उलट लिहिलं, 'मामा, गाणं चार मिनिटांचं आहे.'

मामांनी स्वतःच हे चारचौघांत सांगितलं आणि सगळे पोट धरून हसले. मला मात्र त्या पोरीच्या उत्तराचं कौतुक वाटलं. तिने मामांना खोटारडं ठरवलं नाही, रुसवा धरला नाही, गाण्याची लांबी तेवढी सांगितली.

तसं पाहिलं तर त्या अंगठ्याला खोटं तरी कसं म्हणायचं? लग्नाच्या पंगतीत यजमानाला 'छान झालंय हं सगळं' म्हणतो, तसाच तो प्रकार. पण पंगतीत निदान आपण पानावर बसलेले असतो, दोन घास पोटात गेलेले असतात. इथे पानावर न बसताच ढेकर दिलेली.

आवडतं गाणं कुणाला पाठवणं ही दिसते तेवढी साधी गोष्ट नाही. पुस्तक सुचवताना माणूस आपल्या हुशारीची थोडी जाहिरात करून घेतो. गाणं सुचवताना तो उघडा पडतो. ते का आवडलं हे धड सांगता येत नाही, आणि समोरच्याने नाक मुरडलं तर वाद घालायला हाती मुद्दाही नसतो. म्हणून पाठवणारा आधीच सावध लिहितो, 'सहज पाठवतोय, वेळ झाला तर ऐक.' ही त्याने लाजेखातर ठेवलेली पळवाट. आपण तिचा सर्रास हमरस्ता केला आहे.

एके काळी गाणं द्यायचं तर घाम गाळावा लागे. ऐंशीच्या दशकात ज्यांनी मित्रासाठी कॅसेट भरून दिली, त्यांना आठवत असेल. साठ नाहीतर नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आणायची. घरच्या टेपरेकॉर्डरवर भरायची तर गाणं जेवढं लांब तेवढा वेळ शेजारी बसून राहायचं. बाजू संपत आली की उरलेल्या दोन-अडीच मिनिटांत मावेल असं गाणं शोधायचं, नाहीतर चांगलं कडवं मध्येच तुटणार. मग आतल्या कार्डावर मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरात ए बाजू, बी बाजू, गायक, संगीतकार लिहायचं. शेवटी कुणी चुकून वरून दुसरं काही भरू नये म्हणून कडेचे ते दोन इवलेसे प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाकायचे. एवढं झाल्यावर कॅसेट हातात पडे. देणाऱ्याने प्रत्येक गाणं देता देता पुन्हा एकदा ऐकलेलं असे, आणि घेणाऱ्याचीही 'ऐकली, छान आहे' एवढ्यावर सुटका नसे. 'बी बाजूचं तिसरं कसं वाटलं?' हा प्रश्न ठरलेला.

त्याच्याही आधी ७८ फेऱ्यांच्या तबकड्या होत्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. यजमान चावी देणार, सुई बदलणार, तबकडी उलटी करणार. पाहुण्याची मधूनच उठायची काय बिशाद! तेव्हाची माणसं आपल्यापेक्षा सभ्य होती असा माझा दावा नाही. यंत्रांनीच ती सभ्यता त्यांच्याकडून सक्तीने करून घेतली. आता यंत्रांची सक्ती उठली, आणि ते काम आपल्या मर्जीवर आलं. मर्जीचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

देणाऱ्याची बाजू तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहे? गाण्याची आठवण सांगणं हेही एक देणंच. अशा आठवणी सांगणारे दोन जातीचे असतात आणि ते दोन्ही डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात एकाच सतरंजीवर भेटतात. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली हा महोत्सव सुरू केला. रमणबागेच्या मैदानावर रात्र रात्र चालणाऱ्या मैफली ज्यांनी ऐकल्या त्यांच्याजवळ आठवणींचा खजिना आहे. रात्री दहाचा नियम आला आणि पहाटेचे राग पहाटे ऐकण्याचं सुख बरंचसं गेलं. ही हळहळ खरी आहे.

पण काही जण ती हळहळ काठीसारखी वापरतात. शेजारचा तरुण एखाद्या नव्या गायकावर खूश होऊन मान डोलावत असतो, तेवढ्यात कानाशी येतं, 'तुम्ही भीमसेनअण्णांना ऐकायला नव्हतात ना! मग तुम्हाला काय सांगायचं?' सांगायचंच नव्हतं तर तोंड उघडलं कशाला? असल्या आठवणीत गाणं नसतं. कुंपण असतं, आणि कुंपणाच्या आत एकटा सांगणारा.

दुसऱ्या जातीचे लोक खरे दाते. ते थंडीपासून सुरुवात करतात. कुणाची शाल कुणाच्या खांद्यावर होती, तंबोरे जुळेपर्यंत मंडपात कशी कुजबुज चालली होती, पहिला षड्ज लागला तेव्हा चहाची किटली घेऊन फिरणारा पोऱ्या जागच्या जागी कसा थबकला. सांगता सांगता ते स्वतः ती जागा घेऊन दाखवतात. बेसूर होतात, पण लाजत नाहीत. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या मैफलीला आपण हजर नव्हतो, हे काही वर्षांनी आपण विसरूनही जातो.

महोत्सवाच्या सांगतेला सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावायची प्रथा आहे. ते १९५२ साली गेले. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेलं माणूस आज मंडपात सापडणं जवळपास अशक्य. त्यामुळे पन्नास वर्षं नेमाने येणारे आजोबा आणि यंदा पहिल्यांदाच आलेली मुलगी, दोघांच्या वाट्याला तीच तबकडी आणि तेवढीच मिनिटं येतात. 'तुम्ही नव्हतात' हे वाक्य तेवढ्या वेळापुरतं निकामी होतं.

आपली आवड दुसऱ्याच्या गळी उतरवण्याचा सर्वांत मोठा सरकारी प्रयोगही एका मराठी माणसाच्याच नावावर आहे. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ पासून दहा वर्षं केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताचे जाणकार. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आकाशवाणीवर त्यांच्याच काळात सुरू झाला. ज्यांना मैफलीच्या दारात पाऊल ठेवायची ऐपत नव्हती त्यांच्या घरात त्यामुळे थोर गवई पोचले. हे ऋण मानलंच पाहिजे. पण सिनेमाचं गाणं त्यांना हलकं वाटे, आणि आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपार झालं. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. १९५२ च्याच डिसेंबरात तिथे अमीन सयानींच्या आवाजात बिनाका गीतमाला सुरू झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली.

केसकरांची आवड वाईट होती, असं कोण म्हणेल? चार लोकांच्या कानी एखादा चांगला राग पडावा ही इच्छाही उत्तमच. पण ज्यांच्या कानी तो घालायचा ते आधीपासून काय गुणगुणतायत आणि का गुणगुणतायत, हे त्यांनी मन लावून ऐकल्याचं दिसत नाही. घरोघरी असे छोटे केसकर असतात. 'ते कानातलं काढ आणि हे ऐक, याला म्हणतात गाणं!' असं ते पोरांना सांगतात. 'तुझं काय चाललंय, दे बघू एक कान इकडे,' असं मात्र कधी म्हणत नाहीत. तरुणांतही केसकर आहेत बरं का. आजोबांचं गाणं सुरू झालं की खोलीतून उठून जाणारे.

याच्या उलट तऱ्हा आकाशवाणीच्याच 'आपली आवड'मध्ये होती. पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर गाण्याचं नाव आणि खाली घरातल्या झाडून सगळ्यांची नावं, अगदी पाळण्यातल्या बाळासकट. मग गाव, तालुका, जिल्हा. निवेदक ती यादी वाचून दाखवत आणि मग गाणं लागे. हिंदीत तर अभ्रकाच्या खाणींचं झुमरी तलैया हे गाव, जे आज झारखंडात आहे, निव्वळ फर्माइशींच्या जोरावर देशाला पाठ झालं. आपलं नाव रेडिओवर ऐकण्याची हौस त्यात होती, नाही कशाला म्हणा! पण आपलं गाणं लागेपर्यंत इतरांची गाणी ऐकणं भाग होतं. पोळ्या लाटता लाटता बाईच्या कानावर पडे, की कुठल्याशा तालुक्यातल्या कुणा अनोळखी कुटुंबाला हे गाणं हवंय. तिला ते आवडो न आवडो, कुणाला तरी ते आवडतं हे तिला कळे. आठवड्यामागून आठवडे असं ऐकून कधी ते तिच्याही ओठांवर येई.

आजचं ॲप मला माझ्याच कालच्या आवडीवरून उद्याचं गाणं वाढतं. मी गझल ऐकली की गझल, अभंग ऐकला की अभंग. भिंतीपलीकडचा शेजारी काय ऐकतो, ते माझ्यापर्यंत पोचण्याचा रस्ताच त्यात नाही. तो रस्ता एकच उरला आहे. त्याने आपण होऊन पाठवावं आणि मी ते ऐकावं. म्हणून तो वीस सेकंदांतला अंगठा मला दिसतो तितका बिनधोक वाटत नाही. असे चार अंगठे मिळाले की पाठवणारा पाठवायचं थांबतो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

आता एक अवघड मुद्दा. जे आपण वाटतो ते वाटायचा आपल्याला हक्क असतो का? मैफलीत लपवून नेलेल्या टेपरेकॉर्डरवर झालेली मुद्रणं हौशी मंडळींत वर्षानुवर्षं हातोहात फिरली आहेत. कुणाची खोकल्याची उबळ, कुणाची 'क्या बात है', सगळं त्यात. गोव्याच्या केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाबाबत किती कडक होत्या, ते जुन्या रसिकांना माहीत आहे. अशा कलावंताचं चोरून केलेलं मुद्रण हाती आलं तर? पुष्कळ जण म्हणतील, तेवढ्यामुळेच तर ते गाणं वाचलं. मला हे पटत नाही. कलावंताने हयातीत 'नको' म्हटलं असेल तर रसिकाने हात आवरावा, मग ती तान कायमची हरवली तरी बेहत्तर. तिकिटात ऐकायचा हक्क येतो, वाटायचा येत नाही. मागच्या माणसाच्या डोळ्यांपुढे मोबाइल उंच धरून बसणाऱ्यांबद्दल तर न बोललेलंच बरं. ते स्वतःही ऐकत नसतात.

गंमत अशी, की याच केसरबाईंची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोनेरी तबकडीत बसून पृथ्वी सोडून गेली. यानं ऑगस्ट-सप्टेंबरात उडाली आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. त्या तबकडीवर जगभरातल्या संगीताचे २७ नमुने आहेत. ती कुणाला मिळेल, त्याला कान असतील का, काहीच ठाऊक नसताना कुणीतरी बसून ते निवडले. निदान तिकडून न ऐकता अंगठा येण्याची धास्ती नाही.

मग आलेलं प्रत्येक गाणं ऐकायचं की काय? सोसायटीच्या गटावर सकाळी नऊच्या आत पाच-सात भक्तिगीतं आणि तीन 'सुवर्णकाळ' येतात. ती ऐकायला वेगळा जन्म घ्यावा लागेल. दोनशे जणांना एका बोटाने ढकललेल्या गाण्याचं आपण काही देणं लागत नाही, त्यावर गप्प बसणं हेच प्रामाणिक उत्तर. पण आपलं नाव घेऊन, आपल्यालाच म्हणून एखाद्याने पाठवलेलं गाणं निराळं. ते आत्ता ऐकायला सवड नसेल तर 'रविवारी ऐकतो' म्हणावं आणि रविवारी खरंच ऐकावं. आणि आवडलं नाही तर तसं सांगावं. आपल्याकडे याचीच धास्ती जास्त. न ऐकता केलेली स्तुती आपण सौजन्यात जमा करतो आणि ऐकून सांगितलेली नावड उद्धटपणात.

आमच्या शेजारच्या इमारतीत एक काकू आहेत. गाणं पाठवलं की त्यांचा अंगठा येत नाही. दोन-तीन दिवस काहीच येत नाही. मग कधीतरी दुपारी त्यांचा मजकूर येतो, 'सुरुवातीचं वाजवणं कर्कश्श आहे. पोरगी गोड गाते, पण दुसऱ्या कडव्यात तिचा श्वास पुरत नाही. शेवट मला मुळीच आवडला नाही. ही कोण? हिचं अजून काही असेल तर धाड.' इमारतीतली पोरं नवं गाणं आलं की आधी काकूंना पाठवतात. काकूंनी नाक मुरडलं तर भांडायला घरी जातात, आणि भांडण फार लांबलं तर काकू त्यांच्यासमोर चिवड्याचा डबा ठेवतात आणि म्हणतात, 'लाव परत, तो मधला तुकडा ऐकू दे.'